बॅटरी धरणाऱ्यानं पाण्याकडे बघू नये

रात्री मरळ मासा धरायला गेलं की बॅटरी धरणाऱ्याला एकच नियम असतो. उजेड आपल्या पायाशी ठेवायचा, काठीवाल्यानं मागितला तर त्याच्या हातांवर टाकायचा, आणि काहीही झालं तरी पाण्यावर मारायचा नाही. मरळ वरच्या पाण्यात असते, बेडकासाठी टपलेली. उजेड पडला की ती खाली जाते, आणि मग त्या जागी पहाटेपर्यंत बसलात तरी डासांशिवाय कुणी चावत नाही. हा नियम आप्पांनी मला मी नऊ वर्षांची असताना शिकवला. त्याच उन्हाळ्यात मी तो मोडला.

आप्पा म्हणजे माझे वडील. साखर कारखान्यात फिटर होते. गळीत हंगाम संपला की त्यांच्या रात्री मोकळ्या व्हायच्या आणि ते वारणेच्या डोहावर जायचे. वेळूची लांब काठी, नायलॉनचा दोरा, गळाला जिवंत बेडूक. तो बेडूक पाण्याच्या कडेनं टपटप नाचवत न्यायचा, बस. काठी त्यांच्या हातात. बेडकांचा डबा आणि तीन सेलची बॅटरी माझ्या हातात. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, बरोबर यायचा तो पोत्यावर झोपायला. त्याला माशांचा वास सहन व्हायचा नाही, पण मुलगा म्हणून न्यायचं आणि मी हट्ट करते म्हणून मलाही न्यायचं, असा आमच्याकडे हिशेब होता.

त्या रात्री काठी अशी वाकली की आप्पा दोन पावलं पाण्यात ओढले गेले. काठावर गावातले आणखी तिघे-चौघे बसले होते, तेही उठून उभे राहिले. पाणी नुसतं खळबळत होतं आणि अंधारात काहीच दिसत नव्हतं. मला बघायचं होतं. एवढ्या दिवसांत मी मरळ पाहिली होती ती काठावर आणल्यावर, धूळ लागलेली, धापा टाकणारी. पाण्यात असताना ती कशी असते ते मला कधीच दिसलं नव्हतं. मी बॅटरी उचलली आणि सरळ पाण्यावर मारली. क्षणभर एक काळी पाठ दिसली, माझ्या मांडीएवढी जाड. ती उजेडाला उसळली, दोरा तुटला आणि काठी एकदम सरळ झाली.

आप्पांनी मारलं नाही. मारलं असतं तर मी ते केव्हाच विसरले असते. त्यांनी हातातली काठी खाली ठेवली आणि त्या सगळ्यांच्या देखत म्हणाले, "अंधार सोसत न्हाई त्यानं घरी बसावं." सगळे हसले. मी म्हटलं, मला बघायचं होतं. ते कुणी ऐकलंच नाही. दुसऱ्या दिवशीपासून दादा एकटा जायला लागला, आणि मी दाराच्या पायरीवर बसून राहायला लागले. ते परत आले की मी विचारायची, "मिळाली?" आप्पा माझ्या बाजूनं आत जायचे आणि पिशवी आईसमोर ठेवायचे. मला कुणी उत्तर देत नसे.

पुढच्या कुठल्याच उन्हाळ्यात त्यांनी मला नेलं नाही. मग मी चोरून शिकले. ते कामावर आणि आई झोपलेली असताना भर दुपारी त्यांची जुनी काठी घेऊन जायची. दुपारी मरळ लागत नाही हे मला माहीत होतं, पण हात तयार होतो. गाठ मारायला मी शिकले ती पायाच्या अंगठ्याला दोरा बांधून. नंतर शिक्षणासाठी जिथं जिथं राहिले तिथं तिथं तळं, धरण, कालवा काय असेल ते शोधलं. आता मोहालीत औषधांच्या संशोधनात काम करते, सेक्टर सदुसष्टच्या जवळ राहते, एकटी. एकटी का, हे इथं कुणी विचारलं तर मी त्याला विचारते की तुम्ही दुकटे का. माझ्याकडे दोन चांगले रॉड आहेत, रिळं आहेत, रबरी बेडकांचा एक डबा आहे. आणि डोक्याला बांधायचा दिवा आहे, म्हणजे बॅटरी धरायला कुणाची गरज लागत नाही. तो दिवा लक्षात ठेवा.

गेल्या मे महिन्यात आप्पा इकडे आले. आई गेल्यापासून ते गावी एकटेच असतात. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला आहे, दुसऱ्याचा ते काढू देत नाहीत, आणि उजव्या हाताला कंप आहे. आले की उतरतात दादाकडे, इथून जवळच चंडीमंदिरच्या छावणीत. दादा सैन्यात मोठा अधिकारी आहे. तिथं गार खोल्या आहेत, हिरवळ आहे, हाताखाली माणसं आहेत. नातवंडं आहेत, जी आजोबांचं मराठी समजतात आणि "हां दादाजी, पक्का" असं उत्तर देऊन निघून जातात. आप्पा व्हरांड्यात बसून माळ्याचं पाणी घालणं बघत असतात.

ते आल्याच्या आनंदात दादानं घरी जेवण ठेवलं. त्याचे दोन-तीन सहकारी आणि त्यांच्या बायका होत्या, मीही होते. गप्पा गावावर आल्या आणि दादानं गोष्ट सुरू केली. "हमारे यहाँ नदी में रात को फ़िशिंग होती थी. मैं और पिताजी. पूरी-पूरी रात!" मी हातातला पनीरचा तुकडा खाली ठेवला. पूरी रात हा गृहस्थ पोत्यावर घोरत असायचा. पण तो रंगात आला होता. डोह किती खोल, मासा केवढा, काठी कशी वाकली, सगळं सांगत गेला आणि मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "और तभी मैडम ने सीधा पानी पे टॉर्च मार दी!" सगळे खळखळून हसले. एक बाई मला म्हणाल्या, "हाय रे, सो क्यूट!"

मी आप्पांकडे पाहिलं. त्यांनी तरी काही म्हणावं. ते हसत होते. ज्या हिंदीत त्यांना पाणी मागता येत नाही त्या हिंदीत ते म्हणाले, "बहुत रोयी थी." आणि दादाच्या गुडघ्यावर थाप मारून, "ये बहुत मछली पकडता था." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही बोलायची पद्धत नाही, खरंच पायापासून सुरू झालं. तीसेक वर्षांत ते ती गोष्ट विसरले असते तरी मी समजून घेतलं असतं. पण ती त्यांच्या नीट लक्षात होती, आणि त्यांना त्यात गंमत वाटत होती.

मी तेव्हाच ठरवलं. जेवणानंतर त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि हळूच म्हटलं, "आप्पा, माझ्याकडे चला. तिकडं एक तळं आहे. मरळ आहे."

ते माझ्याकडे वळले. "हितं? पंजाबात?"

"इथं तिला सौल म्हणतात. पण मरळच ती."

दादा म्हणाला, अगं त्यांचे डोळे, रात्रीचं कुठं नेतेस, साप असतात यार. आप्पा तोवर पिशवी भरायला आत गेले होते.

तळं माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका पंजाबी मुलीच्या मामांचं. कुराळीच्या बाजूला त्यांची शेती आहे, तिच्या एका टोकाला हे जुनं तळं. एका बाजूनं म्हशी उतरतात, दुसरी बाजू शेवाळ आणि पाणवेलींनी भरलेली. मरळीला यापेक्षा जास्त काही लागत नाही. मे-जूनमध्ये इथं दिवसा असं ऊन असतं की पाणी हाताला कोमट लागतं आणि मासा तळाला निपचित पडून राहतो. हालचाल सुरू होते ती अंधार पडल्यावर. मी गेले दोन उन्हाळे तिथं जात होते आणि तिथं एक मोठी आहे हे मला ठाऊक होतं. पाणवेलीच्या कडेला ती वर येऊन श्वास घ्यायची तेव्हा होणारा आवाज लहान माशाचा नव्हता.

निघायच्या आधी मी दोन गोष्टी केल्या. डोक्याचा दिवा कपाटात ठेवून दिला. आणि चंदीगडच्या सेक्टर सतरात जाऊन हातात धरायची, धातूची, लांब बॅटरी शोधून आणली. हल्ली तशा फारशा मिळत नाहीत. दुकानदार म्हणाला, मॅडम, छोटी ले लो, ज़्यादा रोशनी है. मी म्हटलं, मला रोशनी नको आहे, वजन पाहिजे.

गाडीत आप्पा लहान मुलासारखे खिडकीबाहेर बघत होते. तळ्यावर पोचल्यावर त्यांनी हात पुढं केला. रॉडसाठी. मी त्या हातात बॅटरी ठेवली.

"ही धरायची," मी म्हटलं. "पायाशी. पाण्यावर मारायची नाही."

त्यांनी बॅटरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. ते मी आणलेल्या घडीच्या खुर्चीवर बसले आणि उजेड पायाशी धरला. कंपामुळे तो चपलांभोवती थरथरत होता.

काय सांगू, मला फार बरं वाटलं. मी रॉड जोडला, रबरी बेडूक बांधला. त्यांच्याकडे न बघता म्हटलं, "इकडे." उजेड माझ्या हातांवर आला. "बास." उजेड पायाशी गेला. ते खोकले तर मी म्हणाले, "खोकू नका." खुर्ची करकरली तर मी म्हणाले, "हलू नका, मासा पळतो." ही सगळी वाक्यं त्यांचीच होती, मी फक्त परत करत होते. इतकी वर्षं सांभाळून ठेवली होती, एकही खराब झाली नव्हती.

रबरी बेडूक त्यांना पटला नाही. "ह्याला वास न्हाई, जीव न्हाई. ह्यो कोन खानार?"

"बॅटरी धरणाऱ्यानं बोलायचं नसतं."

"बरं," ते म्हणाले.

पहिल्या रात्री एक लहान लागली, ती सोडून दिली. दुसऱ्या रात्री एक बऱ्यापैकी. आप्पांनी मान लांब करून बघायचा प्रयत्न केला. मी मुद्दाम त्यांच्याकडे पाठ करून गळ काढला. तिला पाण्यात सोडल्यावर म्हटलं, "होती एक." त्यांनी विचारलं, "केवढी हुती?" मी उत्तर दिलं नाही. उत्तर न मिळाल्यावर माणसाचा चेहरा कसा होतो हे मी आतून ओळखते. बाहेरून पहिल्यांदाच पाहत होते.

आम्ही बहुतेक रोज जायचो. परत येताना ते गाडीत झोपायचे. मला वाटायचं, आता म्हणतील, उद्या नको, पाठ दुखते. ते संध्याकाळी माझ्या आधी तयार असायचे. चपलेत साप-किरडू चावेल म्हणून मी त्यांना बूट आणले होते, ते चार वाजल्यापासून घालून बसायचे. माझी अपेक्षा एवढीच होती की त्यांनी एकदा, फक्त एकदा म्हणावं, की तेव्हा माझं चुकलं. पोरीला एवढी वर्षं घरी बसवायला नको होतं. तेवढं म्हणाले असते तर मी रॉड त्यांच्या हातात दिला असता, कंप असो नाहीतर काही असो. पण मी मागणार नव्हते. मागून मिळालेली कबुली काय कामाची?

एका रात्री मामाजी स्वतः तळ्यावर आले, लस्सीचा मोठा तांब्या घेऊन. धिप्पाड माणूस, बोलणं मोठ्यानं. आप्पांच्या पाया पडून म्हणाले, "बाऊजी, आपकी बेटी तो पूरी शिकारी है जी! हमारे लड़के तो एक सौल नहीं पकड़ पाए."

आप्पांनी मिशीवरची लस्सी पुसली, छाती पुढं काढली आणि म्हणाले, "मैंने सिखाया."

मी वळून बघितलं. ते अगदी खरं वाटून बोलत होते. लाज नाही, शरम नाही. ज्यांनी मला काठीला हात लावू दिला नाही, ज्यांची काठी मी चोरून नेली, ते पंजाबात येऊन माझे गुरू झाले होते. मामाजी म्हणाले, वाह जी वाह. मला त्या दोघांनाही लस्सीच्या तांब्यासकट तळ्यात ढकलावंसं वाटलं. मी पुन्हा गळ टाकला. पण मनातल्या मनात आणखी डूख धरला.

त्यानंतरच्या खेपेला ती लागली.

दिवसभर इकडची गरम लू सुटली होती, संध्याकाळी वारा पडला आणि तळं अगदी स्तब्ध झालं. मी पाणवेलीच्या कडेनं बेडूक थांबत थांबत ओढत होते. एक आवाज झाला, दगड पाण्यात टाकल्यासारखा, आणि बेडूक नाहीसा झाला. मी मनात दोन मोजून झटका दिला. रॉड मुठीपर्यंत वाकला. रीळ किंचाळायला लागलं. तीच होती. इतकी जड की मला वाटलं वेलीत अडकले, पण वेल अशी डावीकडे पळत नाही.

मी तिला उघड्या पाण्यात आणलं. माझे हात दुखत होते, घाम डोळ्यांत जात होता, आणि मनात एकच विचार होता की आप्पा बघताहेत. नव्हे, आप्पांना दिसत नाही. त्यांच्यापासून पाच हातांवर मी अशी मरळ आणते आहे, जिच्यापुढे त्यांची वारणेची काहीच नाही, आणि ते स्वतःच्या बुटांवर उजेड धरून बसले आहेत. यापेक्षा जास्त मला काही नको होतं. ती काठाजवळ आली. मी वाकून जाळीला हात घातला.

आणि पाणी उजळलं.

पांढरा झगझगीत उजेड, बरोबर तिच्यावर. मला तिचं डोकं दिसलं, सापासारखं चपटं, जबड्यात माझा रबरी बेडूक, आणि पाठ, काळी, ओली. ती क्षणभर उजेडात तशीच राहिली. मग तिनं अख्खं अंग पिळलं, जाळीच्या काठावर आपटली आणि गेली. बेडूक माझ्या खांद्यावर येऊन बसला.

आप्पा खुर्चीवरून उठले होते. बॅटरी दोन्ही हातांनी धरली होती, अजून पाण्यावरच. तोंड उघडं होतं.

"मला बघायचं हुतं," ते म्हणाले.

 खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा मला दया आली नाही. पहिल्यांदा मला आठवलं की हेच वाक्य मी म्हटलं होतं आणि पुढचं वाक्य माझ्याकडे तयार आहे. इतक्या वर्षांनी ते माझ्या तोंडात आयतं येऊन पडलं होतं. ते न म्हणणारी मी कोण साध्वी?

"अंधार सोसत नाही त्यानं घरी बसावं," मी म्हटलं.

त्यांनी ओळखलं की नाही ते मला कळलं नाही. त्यांनी बटण दाबून बॅटरी विझवली. आम्ही अंधारातच सामान गोळा केलं. गाडीत ते झोपले नाहीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कपाटातून डोक्याचा दिवा काढला. आप्पा बूट घालून हॉलमध्ये बसले होते, बॅटरी मांडीवर. मी रॉड घेतला, डबा घेतला, किल्ली घेतली. ते उठले. मी म्हटलं, "आज नाही. जेवण झाकून ठेवलंय." आणि दार ओढून घेतलं. लिफ्टमध्ये मी चक्क शीळ घातली. वचपा निघाला होता, व्याजासकट.

तळ्यावर मी एकटी. दोन उन्हाळे मी तिथं एकटीच गेले होते, कधी काही वाटलं नव्हतं. त्या रात्री शेजारची रिकामी जागा सारखी दिसत होती. खुर्ची मी गाडीतच ठेवली होती, तरी दिसत होती. मी दोनदा "इकडे" म्हणाले आणि मग स्वतःच्या डोक्यावरचा दिवा लावला.

आदल्या रात्री सुटलेली मरळ दुसऱ्या दिवशी लागत नाही, असं म्हणतात. लागली. तीच, त्याच वेलीच्या कडेला; जबड्यावर कालची जखम होती. या वेळी मी घाई केली नाही. मी तिला जाळीत घेतलं, ओल्या गवतावर ठेवलं आणि दिवा लावला. दोन्ही हात लावले तरी पुरत नव्हते. अंगावर काळसर पट्टे, पोट पिवळट पांढरं. डोळा माझ्यावरच लागलेला, आणि त्यात माझ्याइतकाच राग होता. मी जिंकले होते. मी इकडेतिकडे पाहिलं.

दाखवायचं कुणाला? दादाला फोटो पाठवला असता तर त्यानं अंगठा पाठवला असता आणि पुढच्या पार्टीत मासा स्वतःच्या नावावर लावला असता. प्रयोगशाळेतल्या मुलींनी विचारलं असतं, दीदी, इसका टिक्का बनता है? एवढी मरळ म्हणजे काय, ती वेलीतून उघड्यावर आणायची म्हणजे काय, हे कळणारा माणूस या अख्ख्या पंजाबात एकच होता, आणि त्याला मी घरी बसवून आले होते.

मला त्यांचाच राग आला. आता यातही तुम्हीच पाहिजे होय? शेवटी माझी मरळसुद्धा तुम्ही हो म्हटल्याशिवाय खरी नाही? मग नाहीच दाखवणार. फोटोसुद्धा काढला नाही. दोन्ही हातांनी तिला उचलून पाण्यात नेलं, ती जरा वेळ माझ्या तळव्यांवर तशीच राहिली, मग शेपटीचा एक फटका देऊन गेली. आप्पांना कधीच दिसू नये म्हणून मी ती सोडली. मासे सोडणारे लोक फार उदात्त कारणं सांगतात. माझं कारण हे होतं.

घरी आले तेव्हा हॉलमध्ये अंधार होता. झाकलेलं जेवण तसंच झाकलेलं होतं. आप्पा बाल्कनीत बसले होते, दिवा न लावता. दिवा लावला की किडे येतात, म्हणून ते कधीच लावत नाहीत. बूट पायांत होते.

"मिळाली?" त्यांनी विचारलं.

मी पिशवी खाली ठेवली. हेही वाक्य माझं होतं, दाराच्या पायरीवरचं. त्याचं उत्तर काय द्यायचं असतं तेही मला पाठ होतं. काही द्यायचं नसतं. बाजूनं आत जायचं असतं. मी त्यांच्या खुर्चीच्या बाजूनं निघाले.

"न्हाई म्हनू नगंस," ते म्हणाले. "हाताला वास हाय. मरळीचाच हाय. लहान मरळीचा एवढा येत न्हाई."

मी थांबले.

"केवढी हुती?"

त्यांनी माफी मागितली नाही. अजूनही मागितलेली नाही. आणि माझा रागही गेला नाही, तो कुठं जाणार, त्याचं घर आता माझ्यातच आहे. पण नऊ वर्षांच्या मला हा प्रश्न कुणीतरी विचारायला हवा होता, आणि तो विचारणारं माणूस हेच होतं. मी अंधारात दोन्ही हात पसरले. किती ते दाखवायला. मग माझ्या लक्षात आलं की त्यांना दिसणार नाही.

बटणाचा खटका वाजला. उजेड आधी माझ्या पायांवर पडला, सवयीनं. मग वर चढला आणि माझ्या पसरलेल्या हातांवर येऊन थांबला. बॅटरी त्यांच्या हातात थरथरत होती, म्हणून माझे हातच हलतात असं दिसत होतं.

"हलू नगंस," आप्पा म्हणाले. "नीट बघू दे."

मी हलले नाही. फक्त हात आणखी वीतभर लांब केले.